टोमॅटोचा भाव मोबाईलवर शिळा का दिसतो? कॅशिंग प्रॉक्सी आणि ३०४ चं गणित

जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या २० किलोच्या क्रेटने २००० रुपये ओलांडले आणि सप्टेंबरपर्यंत भाव पार कोसळले. अशा हंगामात जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला तोडा आज करायचा की उद्या, हे मोबाईलवर भाव बघून ठरवायचं असेल, तर सकाळचा आकडा दुपारी दिसणं महागात पडतं.

दोष दरवेळी आकडे भरणाऱ्याचा नसतो. वेबसाईटपुढे बसवलेला कॅशिंग प्रॉक्सी पानाची प्रत ठेवतो आणि सगळ्यांना तीच देतो. प्रतीची मुदत एक तास ठेवली तर भाव तासभर शिळा. मुदतच नाही ठेवली, तर ऐन लिलावाच्या वेळी मूळ सर्व्हर गुडघे टेकतो.

मधली वाट म्हणजे सशर्त विनंती. मूळ सर्व्हर पानासोबत ईटॅग पाठवतो, म्हणजे त्या आवृत्तीची खूण. मुदत संपली की प्रॉक्सी विचारतो, "माझ्याकडे ही खूण आहे, काही बदललंय का?" बदललं नसेल तर नुसतं ३०४ येतं, अख्खं पान पुन्हा येत नाही. त्यामुळे मुदत एका मिनिटावर आणली तरी चालतं.

एन्जिनएक्समध्ये मात्र हे आपोआप होत नाही. 'प्रॉक्सी_कॅश_रिव्हॅलिडेट' मुळात बंद असतं, ते 'ऑन' करा. दुसरी गोची 'नो-कॅश'ची. जून २०२२ च्या आरएफसी ९१११ प्रमाणे त्याचा अर्थ 'प्रत ठेव, पण विचारल्याशिवाय वापरू नकोस' असा आहे (नाव ठेवणाऱ्याला दंडवत!). एन्जिनएक्स मात्र अशी प्रत ठेवतच नाही. म्हणून मूळ सर्व्हरवरून 'एस-मॅक्सएज=६०' पाठवा.

आता ईटॅग कशावरून काढायचा? पानावर 'आत्ताची वेळ' छापत असाल आणि पूर्ण पानाचा हॅश घेत असाल, तर खूण दर सेकंदाला बदलणार आणि ३०४ कधीच येणार नाही. शिवाय हॅशसाठी पान आधी तयार करावंच लागतं, म्हणजे डेटाबेसवरचा भार तसाच. शेवटच्या भाव-नोंदीचा क्रमांक हीच खूण ठेवा. एका छोट्या क्वेरीत काम होतं.

'प्रॉक्सी_कॅश_यूज_स्टेल' लावलं तर मूळ सर्व्हर बंद पडल्यावरही जुनी प्रत दिली जाते. मी ते चालू ठेवेन, पण भावाशेजारी नोंदीची तारीख-वेळ ठळक छापूनच.