शाई घेताना विक्रेत्याचं नाव वाचा

आपल्यातले कितीतरी तरुण झेरॉक्सचं, ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं छोटं सेंटर चालवतात. प्रवेशाच्या आणि शिष्यवृत्तीच्या दिवसांत प्रिंटर बंद पडला की त्या दिवसाची कमाई गेली. तरीही शाईच्या बाटल्या किंवा बाहेरून टाकी-नळ्या जोडायचा संच ऑनलाइन मागवताना बहुतेक जण किंमत आणि तारे एवढंच पाहतात.

हे तारे बहुतेकदा वस्तूला मिळालेले असतात, विक्रेत्याला नव्हे. एकाच वस्तूच्या पानावर अनेक विक्रेते असू शकतात, आणि तुमची बाटली नेमकं कोण पाठवणार हे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. ते नाव उघडा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याचं नाव आणि पत्ता ग्राहकाला दिसायलाच हवा. पत्ता नसेल तर माल कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

मग त्याला सरळ विचारा: शाई डाय आहे की पिगमेंट? माझ्या मॉडेलला चालेल का? हेड तुंबलं तर काय कराल? ‘सगळ्या प्रिंटरला चालते’ म्हणणाऱ्याला माझ्या मते शाईतलं काही कळत नाही, किंवा कळूनही तो खपवतोय.

जीएसटीचं पक्कं बिल घ्या, सील तोडताना व्हिडिओ काढा. तक्रार केल्यावर ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण, हे त्याच नियमांत आहे. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे मराठीतही बोलता येतं.