वायफाय चालेना म्हणून लगेच खिशात हात घालू नका



इंदापूरची बॅच संपल्यावर कृषी सेवा केंद्र चालवणारे एक दादा मागे थांबले. पिशवीतून ११ इंची लॅपटॉप काढून म्हणाले, "सर, याला नेटच पकडत नाही. नवीन कुठला घेऊ?"

मी विचारलं, "दुकानात मोबाइलला तेच वायफाय पकडतं का?"

"ते काय बघितलं नाही."

"घरी हा लॅपटॉप चालतो?"

"घरी एकदम झकास चालतो."

म्हणजे लॅपटॉप ठणठणीत होता. दुकानात जाऊन बघितलं, तर राउटर आतल्या गोडाऊनमध्ये लोखंडी कपाटावर आणि गल्ला पुढे शटरपाशी. मधे लोखंडी रॅकच्या दोन रांगा. वायफायच्या लहरी धातूच्या आरपार जात नाहीत. राउटर तिथून काढून पुढच्या भिंतीवर उंच लावला, काम झालं. खर्च दोन खिळ्यांचा. नाहीतर दादा नवीन लॅपटॉप घेणार होते, आणि त्यालाही त्या गल्ल्यावर नेट मिळालं नसतं.

दादांना हसू नका. हीच चूक मी केली आहे. बारामतीत माझ्या दुकानातला छोटा लॅपटॉप दर थोड्या वेळाने वायफाय सोडायचा. मी राउटरला दोष दिला, नवा आणला, तरी तेच. शेवटी कळलं की बॅटरी वाचवायला लॅपटॉपच वायफाय झोपवत होता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय अडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमधली एक टिकमार्क काढली, संपला विषय. (काही नव्या लॅपटॉपमध्ये हा टॅब दिसत नाही. तिथे बॅटरी सेव्हर बंद करून बघा.) लोकांना 'खर्च करण्याआधी कारण शोधा' शिकवणारा मी, आणि राउटरचे पैसे फुकट गेले ते माझेच.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. नेटचा बिघाड कुठे आहे एवढं ओळखणं हे मालकाचं काम आहे, ते 'कॉम्प्युटरवाल्याचं' नाही. काही जण म्हणतील, आम्ही धंदा करायचा की हे शिकायचं? अहो, वजनकाटा तुम्ही दुरुस्त करत नाही. पण काटा खोटं वजन दाखवायला लागला तर तुम्हाला लगेच कळतंच ना? तेवढंच इथे हवं आहे.

नेटचे दोन टप्पे असतात. पहिला लॅपटॉप ते राउटर, दुसरा राउटर ते बाहेरचं जग. कुठला तुटलाय ते दोन मिनिटांत कळतं. मोबाइलचा डेटा बंद करा, दुकानाचं वायफाय जोडा आणि एखादी वेबसाइट उघडा. मोबाइललाही नेट नाही, तर राउटर बंद करून मिनिटभराने चालू करा. तरीही नाही, तर नेटवाल्याला फोन. लॅपटॉपला हात लावायची गरजच नाही.

मोबाइलला आहे आणि लॅपटॉपला नाही, तर आधी लॅपटॉप राउटरजवळ नेऊन बघा. तिथे चाललं तर जागेचा दोष. तिथेही नाही, तर या क्रमाने जा. एअरप्लेन मोड चुकून चालू झालाय का? छोट्या लॅपटॉपवर बोट लागून हे फार होतं. मग ते वायफाय 'फरगेट' करून पासवर्ड पुन्हा टाका. तारीख-वेळ तपासा, कारण घड्याळ चुकलं की वायफाय जोडलेलं दिसतं पण वेबसाइट उघडत नाहीत. आणि तुमच्या वायफायचं नावच यादीत येत नसेल, तर राउटरवर २.४ गिगाहर्ट्झ चालू आहे का बघा. बरेच जुने, स्वस्तातले छोटे लॅपटॉप फक्त तेच पकडतात, ५ गिगाहर्ट्झ त्यांना दिसतच नाही. बेकरी-स्नॅक्सवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवा, मायक्रोवेव्हही २.४ च्याच आसपास चालतो. ओव्हन लावला की नेट अडखळतं, तर राउटर त्याच्यापासून लांब न्या.

आता जे अनेकांना पटत नाही ते सांगतो. बिलिंगच्या लॅपटॉपला वायफाय लावूच नका, सरळ वायर टाका. गल्ला काही रोज जागा बदलत नाही. बऱ्याच छोट्या लॅपटॉपला लॅनचं भोक नसतं, पण यूएसबीला लावायचा लॅन कन्व्हर्टर काही शे रुपयांत मिळतो. वायर दिसायला बरी नाही हे मान्य. पण रॅक हलवले, पोत्यांची थप्पी लागली, शेजाऱ्याने नवा राउटर बसवला, तरी वायरला फरक पडत नाही. वायफाय मोबाइलला आणि घरी ठेवा.

हे सगळं मी का सांगतोय? दर महिन्याला जीएसटी भरणाऱ्यांची ३बी ची शेवटची तारीख २० असते. १९ च्या रात्री नेट गेलं आणि बिघाड कुठे आहे तेच माहीत नसेल, तर आपण तिघांना फोन करतो आणि तिघंही दुसऱ्याकडे बोट दाखवतात. कर भरायचा असेल तर उशिराचा दंड दिवसाला ५० रुपये, वर व्याज. 'नेट नव्हतं' म्हणून ते माफ होत नाही.

तर उद्या दुकान उघडल्यावर, सगळं नीट चालू असतानाच, एकदा मोबाइलची ती दोन मिनिटांची चाचणी करून बघा. राउटरचा पासवर्ड आणि नेटवाल्याचा नंबर कागदावर लिहून गल्ल्यात चिकटवा. तो नंबर फक्त लॅपटॉपमध्ये असेल, तर नेट गेल्यावर तुम्ही तो कुठे शोधणार?