साखर कळली, हृदयाचे काय?

कांदा घेऊन चांदवडच्या बाजार समितीत आलेला शेतकरी त्याच फेरीत रक्त तपासून गेला, की घरी प्रश्न एकच असतो, ‘साखर किती आली?’ आकडा बरा असला, की सारे निश्चिंत होतात. ही निश्चिंती धोक्याची आहे.

मधुमेहींना हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. वाढलेली साखर रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करते. त्यात उच्च रक्तदाब, वाईट कोलेस्टेरॉल आणि तंबाखूची भर पडली, की वाहिन्या लवकर अरुंद होतात. शिवाय मधुमेहाने नसांवर परिणाम झालेल्या काही रुग्णांना झटक्याच्या वेळी छातीत कळ येतच नाही. दम लागतो, घाम फुटतो, मळमळते. पित्त समजून घरीच वेळ जातो आणि पुढे नाशिक साठ-पासष्ट किलोमीटरवर.

‘शेतात राबणाऱ्याला काय होतंय?’ हा समजही पुरा नाही. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयांच्या शरीरातही चरबीचे प्रमाण जास्त असू शकते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवले आहे.

मग केवळ साखर आणखी खाली आणावी का? अमेरिका आणि कॅनडातील दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या ‘अ‍ॅकॉर्ड’ अभ्यासात साखर फार कडकपणे उतरवलेल्या गटात मृत्यू वाढले. 2008 मध्ये तो उपचार थांबवावा लागला. याउलट डेन्मार्कच्या स्टेनो केंद्राने धोका जास्त असलेल्या 160 मधुमेहींपैकी निम्म्यांची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, आहार, व्यायाम आणि धूम्रपान या साऱ्यांकडे एकत्र लक्ष दिले. सुमारे आठ वर्षांत हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या घटनांचा धोका जवळपास निम्म्यावर आला. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेला हा धडा गावपातळीवर अजून पुरता पोचलेला नाही.

सरकारी कार्यक्रमात तिशीपुढील प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब तपासणे अपेक्षित आहे. मधुमेह निघालेल्यांसाठी वर्षातून एकदा कोलेस्टेरॉलची आणि लघवीतील प्रथिनांची तपासणीही तालुक्यातच, मोफत व्हायला हवी. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची जेनेरिक गोळी आज महाग राहिलेली नाही. अँजिओप्लास्टीच्या खर्चापुढे तर हा खर्च किरकोळच.

रुग्णांनीही केसपेपरवर चार गोष्टी पाहाव्यात : तीन महिन्यांची सरासरी साखर, रक्तदाब (बहुतेकांसाठी 130/80 च्या आत), कोलेस्टेरॉल आणि तंबाखू सुटली की नाही. पापड-लोणच्यातील मीठ कमी करावे, रोज अर्धा तास चालावे, आणि बरे वाटले म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नयेत.

घरच्यांनी ‘साखर किती आली?’ जरूर विचारावे. पण त्यापाठोपाठ ‘आणि रक्तदाब? कोलेस्टेरॉल?’ हेही विचारावे.