बियाणे, माती आणि गुणवत्ता

आष्टी तालुक्यातील कोरडवाहू रानांत ज्वारी पेरण्या-खुरपण्यासाठी आपल्या आयाबाया पिढ्यान्पिढ्या राबल्या. त्या ज्वारीचे वाण घडविणाऱ्या संशोधनात मात्र आपली मुले तुरळकच दिसतात. स्मरणिकेच्या निमित्ताने पालकांचे व माजी विद्यार्थ्यांचे लक्ष या विसंगतीकडे वेधावेसे वाटते.

परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ 1972 साली स्थापन झाले. तेथून 2018 साली प्रसारित झालेल्या ‘परभणी शक्ती’ या ज्वारीच्या वाणात लोह व जस्त अधिक आहे. भाकरीवर दिवस काढणाऱ्या ऊसतोड मातेच्या रक्तक्षयाशी या संशोधनाचे थेट नाते आहे.

पदव्युत्तर विद्यार्थी तेथे काय शिकतो? कणसातील परागकोश चिमट्याने काढणे, कागदी पिशवी चढविणे, दुसऱ्या वाणाचा पराग देणे आणि पुढे अनेक पिढ्या निवड करीत राहणे. परंतु मज इतिहासाच्या शिक्षकाला त्याहून मोलाचा वाटतो तो तुलनेचा नियम. एका वाफ्यावरून कोणताही वाण श्रेष्ठ ठरत नाही. सर्व वाण एकाच शेतात, सारखे खत-पाणी देऊन, अनेक वाफ्यांत पेरावे लागतात; पुढे निरनिराळ्या ठिकाणी व हंगामांत तपासावे लागतात. कारण दिसणारे पीक हे बियाणे आणि माती या दोहोंचे फळ असते. एकाला काळी कसदार जमीन व दुसऱ्याला मुरमाड माळ देऊन केलेली तुलना शास्त्र मानीत नाही.

मग माणसांच्या बाबतीत ती का मानावी? शिष्यवृत्तीधारकाची ‘गुणवत्ता’ काढणाऱ्यांनी आधी वाफा पाहावा. आईबापांमागे उसाच्या फडावर गेलेले मूल आणि शिकवणीला गेलेले मूल यांचे गुण एका ओळीत मांडणे हा सदोष प्रयोग होय. निवासी शाळा करते ते एवढेच, की त्या मुलाला वाफा सारखा देते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1918 साली भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला. शेती त्यांना अभ्यासाबाहेरची वाटली नाही. आपण मात्र शेतीपासून दूर जाणे म्हणजेच शिक्षण, असे समजतो. ही भावना दुसऱ्याच्या बांधावर सोसलेल्या अपमानातून आली, हे मी जाणतो. तथापि खुरपे खाली ठेवणे वेगळे आणि शेतीचे ज्ञान इतरांच्या हवाली करणे वेगळे.

म्हणून बारावी विज्ञानाच्या आपल्या मुलामुलींनी कृषी पदवीच्या प्रवेशाचा अर्ज अवश्य भरावा आणि माजी विद्यार्थ्यांनी त्यांच्या शुल्काचा काही भार उचलावा, ही विनंती.