मेनू शोधायचा की वाचायचा?

निवृत्त झाल्यावर बाबा सोसायटीचे सेक्रेटरी झाले आणि घरातला जुना पीसी त्यांच्या ताब्यात गेला. थकबाकीची पत्रं ते वर्ड २००३ मध्ये करायचे. दर वेळी नाव आणि फ्लॅट नंबर बदलायचा, प्रिंट काढायची, पुन्हा तेच. एका दुपारी कंटाळून त्यांनी 'टूल्स' मेनू उघडला आणि पेपर वाचावा तसा वरपासून खालपर्यंत वाचून काढला. 'लेटर्स अँड मेलिंग्ज' दिसलं, त्याच्या आत 'मेल मर्ज'. संध्याकाळी मी घरी आलो तर सगळी पत्रं तयार! वर मलाच, "एवढा इंजिनिअर तू, आधी सांगता नाही आलं?"

हे आज आठवायचं कारण म्हणजे आमच्या प्रॉडक्टमधला मेनूबार काढून टाका, असं मत मीच दिलं होतं. कोपऱ्यात तीन आडव्या रेघा आणि एक सर्च बॉक्स, बास. परवा बाबांना ते कौतुकाने दाखवलं. सर्च बॉक्सकडे बघत ते म्हणाले, "यात काय लिहू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता सर्च वाईट आहे असं नाही हं. व्हीएस कोडमध्ये मी स्वतः दिवसभर कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून कमांड टाइप करतो. उबुंटूने २०१२ साली 'हड' आणला होता: ऑल्ट दाबा, कमांडची चार अक्षरं लिहा. मला तोही आवडला होता. पण ह्या सगळ्याला एक अट आहे. कमांडचं नाव तुम्हाला निदान अर्धंमुर्धं तरी माहीत हवं. 'मेल मर्ज' असं काही असतं हेच ज्याला माहीत नाही, तो शोधणार काय, कप्पाळ?

मेनूबार कुठे असावा यावर आपण लोक तासन्‌तास भांडू शकतो. १९८४ च्या मॅकिंटॉशपासून ॲपलने तो स्क्रीनच्या वरच्या कडेला ठेवलाय. माऊस कितीही जोरात ढकला, पॉइंटर कडेशी थांबतो, नेम धरावा लागत नाही. विंडोजवाले म्हणणार, मॉनिटर मोठा असला की खिडकीतलाच मेनू जवळ पडतो. दोन्ही बरोबर. ऑफिस २००७ ने तर मेनूच्या जागी रिबन आणली, लोकांनी शिव्या घातल्या, पण निदान त्यावर शब्द तरी होते. उघडा आणि वाचा.

मला सगळ्यात पटतो तो मॅकच्या हेल्प मेनूतला सर्च. २००७ च्या लेपर्डपासून आहे. नाव टाइप करा, निकालावर जा, की मूळ मेनू उघडून त्या ओळीकडे बाण दाखवतो. म्हणजे काम होतं आणि पत्ताही कळतो.

मेनू म्हणजे नुसती बटणं नव्हेत, प्रोग्रॅमला काय काय येतं त्याची ती यादी आहे. उडप्याकडचं मेनूकार्ड काढून घेऊन वेटरने "काय हवं ते बोला" म्हटलं, तर नवं गिऱ्हाईक इडलीच मागत राहणार.

असो. सोमवारच्या मीटिंगमध्ये माझं मत बदलणार आहे. हरेन बहुतेक. पण बाबांचा प्रश्न तिथे विचारूनच हरेन.