वीसच्या आतली उर्दू शाळा

सप्टेंबर 2023 मध्ये शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. नमुना म्हणून पानशेत आणि तोरणमाळची नावे पुढे आली. चांगली इमारत, विषयाला शिक्षक, जायला-यायला बस. कागदावर हे कुणाला नको आहे? नायगावकडे उर्दू शिकवणाऱ्या मला मात्र एकच विचारायचे आहे : ती शाळा कोणत्या माध्यमाची?

गावात मुसलमानांची घरे पंचवीस-तीस. उर्दू शाळेचा पट कमी राहणारच. ती उठली की मुलगा बसने जाईलही, मुलीचे दप्तर खुंटीला लागेल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 किमान पाचवीपर्यंत मातृभाषा म्हणते. त्याच धोरणातल्या शाळा संकुलाचा अर्थ जवळच्या शाळांनी शिक्षक आणि साधने वाटून घेणे असा आहे. दिल्लीहून गावापर्यंत येताना त्या वाटून घेण्याचे मिटवणे झाले. पट मोजणाऱ्यांनी माध्यम आणि अंतर असे दोन रकाने वाढवावेत, तीन उर्दू शाळांना मिळून गणिताचा एक फिरता शिक्षक द्यावा.

आता आपले. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या महिला हव्यात, असा कायदाच आहे. बैठकीला किती अम्मी येतात? पट घसरला म्हणून ओरडणारेच ऐपत येताच लेकराला इंग्लिश शाळेच्या व्हॅनमध्ये बसवतात. जूनआधी समितीने मोहल्ल्यात फिरून सहा वर्षांच्या मुला-मुलींची यादी करावी आणि केंद्रप्रमुखांना देऊन पोच घ्यावी.