भीमाशंकर : शिडीने वर, गणेश घाटाने खाली

पावसाळा सरला की भीमाशंकरच्या जंगलात एक दिवसाचा ट्रेक ठरवाच. कर्जत किंवा नेरळहून कशेळेमार्गे खांडस गाठा. तिथून वर जायला दोन वाटा. शिडी घाट जवळचा, पण कड्याला लोखंडी शिड्या आहेत. तो चढायलाच घ्या, दमलेल्या पायांनी शिड्या उतरणं फार अवघड. गणेश घाट लांबचा, पण सोपा. उतरायला तोच बरा. पाऊस असेल किंवा सोबत लहान मुलं असतील, तर शिडी घाट विसरा!

पदरवाडीच्या पठारावर दोन्ही वाटा एकत्र येतात. खरा निर्णय इथेच. मंदिर अजून बरंच वर, तेही झाडीतल्या चढणीने. इथे पोहोचेपर्यंत अकरा वाजून गेले असतील, तर मंदिराचा हट्ट सोडा आणि गणेश घाटाने उतरा. दाट झाडीत अंधार लवकर पडतो. ही वेळ घरीच सगळ्यांनी मिळून ठरवा, कारण "आता एवढं आलोच आहोत तर..." म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच.

आजी-आजोबांना दर्शन हवंय? त्यांच्यासाठी मंचर-घोडेगावमार्गे गाडीरस्ता थेट वर जातो. शेकरू बघायचं असेल, तर मात्र बोलणं थांबवून झाडांच्या शेंड्यांकडे बघा.